मधलं पान

लग्नात आहेर म्हणून काजूची दहा पानं देणारी बाई मी पाहिली आहे. नुसती पाहिली नाही, तिच्या हाताखाली मी सहा वर्षं नोकरी केली, आणि ती दहा पानं पाकिटात भरणारी मीच होते.

आमची प्रयोगशाळा कणकवलीत, हायवेपासून थोडी आत, एका भातगिरणीच्या माडीवर होती. खाली गिरणी सुरू झाली की वर आमचा तराजू थरथरायचा. बागायतदारांनी माती, पाणी आणि झाडांची पानं आणून द्यायची, आम्ही ती तपासायची आणि कुठल्या झाडाला कुठलं खत किती घालायचं ते लिहून द्यायचं, एवढंच काम. बाई तिथल्या प्रमुख. आम्ही त्यांना बाई म्हणायचो आणि जिल्हाभरचे लोक 'पानवाली बाय' म्हणायचे. त्या नावामुळे एकदा एक पाहुणा जिना चढून वर आला आणि त्यानं बाईंकडे एकशेवीस-तीनशे तंबाखूचं पान मागितलं होतं. बाईंनी त्याला खुर्ची दिली आणि विचारलं, "किती झाडं आहेत तुमची?"

तर पाकिटांचं असं. पान प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं की त्याला घाम सुटतो, म्हणून नमुना नेहमी कागदी पाकिटात ठेवायचा. ऑफिसची पाकिटं दरवर्षी कमी पडायची. पण मे महिन्यात मुंबईकर गावी येतात आणि त्यांच्याबरोबर लग्नंही येतात. बाईंनी घरोघरच्या लग्नपत्रिकांची पाकिटं गोळा करायला सुरुवात केली. आमचं कपाट उघडलं की एका ओळीत श्री गणेशाय नमः दिसायचं, प्रत्येक गणपतीच्या पोटात हापूसची पानं आणि वर पेन्सिलीनं झाडाचा नंबर. त्यातलंच एक पाकीट घेऊन बाई दोडामार्गच्या एका लग्नाला गेल्या आणि खरा आहेर टेबलावर माझ्यासमोर राहिला. मी तो नमुना समजून ओव्हनमध्ये टाकला.

तिसऱ्या दिवशी नवरीचे वडील हजर. हातात तेच पाकीट. आम्ही दोघी ओशाळून उभ्या राहिलो, तर ते म्हणाले, "बाईनू, पानां पावली. काजीचीच आसत, माझ्याच बागेतली दिसतत. आता अहवाल कधी गावतलो?" बाईंनी ओव्हनमधून नोट काढली. सत्तर अंशावर चोवीस तास वाळून ती पापडासारखी झाली होती. बाईंनी ती नव्या पाकिटात घातली, वर पेन्सिलीनं 'ओलावा शून्य' असं लिहिलं आणि गंभीरपणे त्यांच्या हातात दिली. गृहस्थांनीही ती तितक्याच गंभीरपणे घेतली.

बाईंना हसताना मी फार कमी पाहिलं. त्या विनोद करतच नसत. त्या फक्त जे खरं वाटतं ते करायच्या, आणि आजूबाजूचे लोक पोट धरून बसायचे.

त्यांचा सगळा संसार एका गोष्टीवर उभा होता, ती म्हणजे मधलं पान. झाडाच्या पोटात काय आहे ते पानावरून कळतं, पण कुठल्याही पानावरून नाही. शेंड्याचं कोवळं पान घेतलं तर ते अजून आईच्या जिवावर जगत असतं, त्याला घरची परिस्थिती माहीत नसते. तळाचं जून पान घेतलं तर त्यानं आपल्याजवळचं सगळं आधीच नव्या फुटीला देऊन टाकलेलं असतं, त्याच्याकडे उरल्या असतात त्या आठवणी. म्हणून काजूचं टोकाकडून चौथं पान घ्यायचं आणि आंब्याचं काडीच्या मधलं, चार-सहा महिन्यांचं, खांद्याच्या उंचीवरचं, चारी दिशांनी. "मधलं पान खरं बोलतं," बाई म्हणायच्या. इथपर्यंत पुस्तकातही असंच आहे.

पुस्तकात नाही ते असं, की बाईंनी हा नियम माणसांनाही लावला होता. मालवणच्या मासळीबाजारात गेल्या की ओळीतल्या म्हाताऱ्या बायांना आणि नव्या पोरींना ओलांडून त्या बरोबर पंचेचाळिशीच्या बाईसमोर जाऊन उभ्या राहायच्या. "हिला माहीत असतं सुरमई कधीची आहे, आणि खोटं बोलायला हिला वेळ नसतो." डॉक्टर निवडला तोही मधल्या वयाचा. एसटीत पत्ता विचारायचा झाला तरी आधी सगळ्या प्रवाशांवर नजर फिरवून घ्यायच्या. बागेवर गेलं की घरचा म्हातारा पुढे यायचा आणि चाळीस वर्षांपूर्वी मोहर कसा यायचा ते सांगायचा, मग तरुण मुलगा यायचा आणि मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवायचा. बाई दोघांचंही शांतपणे ऐकायच्या आणि मग मागच्या दाराशी जाऊन घरच्या सुनेला विचारायच्या, "खताची पिशवी खंय गेली गो?" ती हमखास भातात गेलेली असायची.

माझ्या मुलाखतीला आम्ही तिघी होतो. एकीचं शिक्षण नुकतंच संपलं होतं, एक सेवानिवृत्तीच्या जवळ आलेली होती आणि तिसरी मी, सव्वीस वर्षांची. बाईंनी माझे गुण विचारलेच नाहीत. मला उशिरा कळलं, की मी मधली होते.

दुसरी गोष्ट त्यांच्या छत्रीची. छत्री बारा महिने असायची आणि तिच्या मुठीनं त्या फांद्या खाली ओढायच्या. भर दुपारी बारा वाजता झाडाखाली जाऊन जमिनीवर सावलीची जिथे कड दिसते तिथे चुन्याची रेघ मारत झाडाभोवती फिरायच्या. आमच्याकडे लोक खत घालतात ते खोडाला चिकटून. बाईंचं म्हणणं, झाडाचं तोंड खोडापाशी नसतं, ते लांब, सावलीच्या काठाखाली असतं, तिथल्या बारीक मुळ्यांपाशी. हे त्यांनी हजारदा सांगितलं असेल. एका बागायतदाराला ते पटेना. त्यानं आम्हाला जेवायला बसवलं, आणि स्वतःही बाईंच्या शेजारी बसला. बाईंनी सोलकढीची वाटी उचलली आणि शांतपणे चमचाभर कढी त्याच्या कोपरावर ओतली.

"अवो बाई, ह्यां काय?"

"थंयसून तोंडात जातली. वायच थांबा."

तो थांबला, हे मला अजून नवल वाटतं. सगळं घर त्याच्या कोपराकडे बघत होतं. कढी ओघळून लुंगीवर पडली तेव्हा तो म्हणाला, "बरां, समाजलां," आणि त्या वर्षापासून त्याच्या बागेत खताचं गोल आळं सावलीच्या काठावर खणलं जाऊ लागलं.

प्रयोगशाळेत बाईंचा एकच कायदा होता. मातीनं सांगितलेलं पानाला विचारल्याशिवाय लिहायचं नाही. मातीत काय आहे ते माती सांगते, पण त्यातलं झाडाच्या तोंडी काय लागलं ते पानच सांगतं. दोघांचं जमेपर्यंत अहवाल टाइप करायचा नाही. हा कायदा मी एकदा मोडला, आणि आता ते सांगायला हवं.

मालवणच्या अलीकडे, खाडीच्या काठावर एक गाव आहे. तिथून एका आबांचा फोन आला. चोवीस हापूसची बाग, झाडं हिरवीगार, पण तीन वर्षं मोहर नाही. माती कशी पाठवायची, असं ते विचारत होते. मी खड्डा कसा खणायचा ते सांगितलं आणि मग म्हटलं, "ओली माती पाठवू नका हां आबा, पिशवीत नासते. सावलीत सुकवा आणि नीट टिकेल अशी करून पाठवा." पानं आणायला आमचाच माणूस गेला आणि मधली पानं घेऊन आला. चार दिवसांनी मातीही आली. इतकी सुबक पुरचुंडी आमच्याकडे कधी आली नव्हती.

मी ती माती पाण्यात ढवळून क्षार मोजायचं यंत्र लावलं, तर काटा पार टोकाला. मग ज्योतीवर घातली. आमच्याकडे एक यंत्र आहे, त्यात निळी ज्योत असते आणि नमुन्यात मीठ असेल तर ती पिवळी होते. ती अशी पिवळीजर्द झाली की मी मागे सरकले. खाडी जवळ आहे, म्हणजे खारं पाणी बागेत शिरलं, दुसरं काय. पानांचं पाकीट अजून ओव्हनच्या रांगेत होतं. बाई दोन दिवस बहिणीकडे दोडामार्गला गेल्या होत्या, आणि आबांचा धाकटा मुलगा बाळा मला दिवसातून तीनदा फोन करत होता. अगदी गोड आवाजात, मॅडम मॅडम करत. मला तोवर कोणीही मॅडम म्हटलेलं नव्हतं. मी अहवाल लिहिला, 'जमिनीत समुद्राच्या पाण्याचा शिरकाव, आंब्यास अयोग्य', खाली सही ठोकली आणि त्याला पाठवून दिला. मला त्या दिवशी स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

बाई आल्या. पानं वाळली, दळली, ज्योतीवर गेली, आणि ज्योत निळीच राहिली. बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. पानात नत्र भरपूर, पोटॅश कमी, बोरॉन कमी, आणि मीठ जवळजवळ नाहीच.

"मातीत समुद्र आहे आणि पानात थेंब नाही," बाई म्हणाल्या. "दोघांतलं कोणीतरी खोटं बोलतंय. अहवाल अजून टाइप केला नाहीस ना?"

मी उत्तर देणार तेवढ्यात बाळाचा फोन वाजला. तो आभार मानत होता. आमचा अहवाल जोडल्यामुळे झाडं तोडायची परवानगी लगेच मिळाली, तोडणारे आले आहेत, सकाळपासून काम सुरू, आणि खोल्या बांधून झाल्या की मॅडमनी राहायला नक्की यायचं. पर्यटकांसाठी तो तिथे आठ खोल्या बांधणार होता. फोन स्पीकरवर होता. मागे कटर मशीनचा आवाज येत होता.

बाई उठल्या. त्यांनी छत्री घेतली, चुन्याची पिशवी घेतली आणि स्कूटर काढली. बाईंची स्कूटर एरवी तीसच्या वर जात नसे, कारण त्या प्रत्येक बागेकडे बघत चालवायच्या आणि मध्येच थांबून कोणाच्या तरी झाडाला पोटॅश कमी आहे असं रस्त्यावरूनच ओरडायच्या. त्या दिवशी त्यांनी एकाही झाडाकडे पाहिलं नाही. मी मागे बसून रडत होते, आणि वाऱ्यानं माझे अश्रू कानात जात होते.

बागेत पोचलो तर दृश्य असं: तोडणारे चार गडी माडाच्या झापांवर बसून घावणे खात होते आणि समोर चहाच्या कपांची रास. आबांची थोरली सून, गावात तिला वयनी म्हणत, पाचव्यांदा चहा घेऊन येत होती. तिचा नवरा बोटीवर असायचा. ती लग्न होऊन आली त्या वर्षी ही चोवीस कलमं लावली होती आणि विहीर खाली, बाग वर, अशी एकवीस वर्षं तिनं पाणी चढवलं होतं. झाडं तोडायची ठरली तेव्हा तिला कोणी विचारलं नव्हतं. तोडू नका, असं म्हणायची तिला सोय नव्हती, पण पाहुण्यांना उपाशी ठेवायचं नाही अशी घरची रीत होती आणि त्या रीतीचा तिनं सकाळपासून पुरेपूर उपयोग केला होता. गड्यांना उठवत नव्हतं. तरीही चहाच्या पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या मध्ये एक झाड पडलं होतं. वाटेच्या कडेला आडवं, हिरवंगार.

बाईंनी मुकादमाला सांगितलं, "बारा वाजल्याशिवाय मशीनीक हात लावचो नाय. सावली मापूक व्हयी." मुकादमाला वाटलं, हे सरकारी काम असणार. तसंही त्याला अजून दोन घावणे यायचे होते. बाई खरोखरच पुढच्या झाडाभोवती चुन्याची रेघ मारत फिरल्या, मग त्या गोलाच्या आत उभ्या राहिल्या आणि आबांना बोलावलं.

"आबा, माती कोणी काढल्यान?"

"मियांच. सांगल्यात तशीच. दीड वीत खोल खणून, सात जाग्यांवरची, मिसळून, सावलेक सुकवून." म्हाताऱ्यानं एकूण एक गोष्ट बरोबर केली होती. बाईंनी मान हलवली. मग बाळा आला. त्यानं मोबाइलवर समुद्राची पातळी वाढत असल्याचा नकाशा दाखवला. तोही नकाशा बरोबर होता. बाईंनी पुन्हा मान हलवली आणि मग चहाचा ट्रे घेऊन परत निघालेल्या वयनीला हाक मारली.

"वय किती गो तुझां?"

वयनी गोंधळली. "एकेचाळीस."

बाईंनी छत्री मिटली. "हां. आता तू सांग. माती सुकली. मगे काय केल्यात?"

"मगे काय? मगे मीठ लायलां."

 मुकादमाचा घास तोंडाशी थांबला.

"मीठ," बाई म्हणाल्या.

"जाडां मीठ. आबांनी मूठभर म्हटल्यानी. माका कमी वाटलां म्हणान मी आणखी एक मूठ घातलंय. बांगड्यांक लायतंव तसां. बरां चोळून."

"आणि ह्यां तू आधी कोणाक सांगूक नाय?"

"माका कोणी विचारूकच नाय," वयनी म्हणाली.

आबा मात्र खवळले. त्यांनी काठी उचलून थेट माझ्याकडे रोखली. "ह्या चेडवान फोनार सांगल्यान, माती नासता, टिकात अशी करून धाडा. मिठाशिवाय काय टिकता, सांग माका? कैरी टिकता? फणस टिकता? बांगडो टिकता?"

  त्या किनाऱ्यावर जे जे टिकवायचं ते ते मिठात घालतात, आणि मी कणकवलीची, हे मला सुचायला हवं होतं. पहिला हसला तो मुकादम. मग त्याचे गडी. मग बाळा, जो मोबाइल खिशात ठेवून खाली बसला आणि डोळे पुसायला लागला. मग स्वतः आबा, आपण केलेलं काम किती चोख होतं ते पुन्हा पुन्हा सांगत. वयनीनं पदर तोंडाला लावला होता, आणि मला वाटतं ती त्यात रडून घेत होती, कारण आपल्या हातची ती जास्तीची मूठ तिच्याच झाडांवर उलटली होती, हे तिला कळलं होतं. हसत नव्हतो ते आम्ही दोघी, बाई आणि मी.

बाई पडलेल्या झाडाकडे गेल्या. काडी चाचपून त्यांनी मधली दहा पानं खुडली, पर्समधून एक पाकीट काढलं, त्यावर कोणाच्या तरी शुभविवाहाचा गणपती होता, आणि ते माझ्या हातात दिलं. "ह्या झाडाचा अहवाल तू लिही."

मी लिहिला. ती पानं धुतली, वाळवली, दळली. नत्र जास्त, पोटॅश कमी, बोरॉन कमी, मीठ नाही. खालचा 'शिफारस' रकाना मात्र मला भरता येईना. तोडलेल्या झाडाला काय शिफारस करणार? दोन दिवस मी तो कागद तसाच टेबलावर ठेवला. तिसऱ्या दिवशी बाईंनी तो ओढून घेतला आणि त्या रकान्यात लिहिलं, 'कलम लावावे. लावणाऱ्याने स्वतः जाऊन लावावे.'

मी जाऊन लावलं. वयनी खड्डा खणू लागली. बाकीच्या तेवीस झाडांचं दुखणं तसं साधं होतं: भातातून उरलेला युरिया आबा मायेनं दरवर्षी आंब्याच्या खोडाशी ओतत होते. झाडं नुसती पानांनी माजली होती. बाईंनी युरियाची पिशवी कुलपात घालायला लावली आणि कुलपाची किल्ली वयनीकडे दिली. पोटॅश, थोडं बोरॅक्स, सावलीच्या काठावर शेणखत, आतल्या दाट फांद्यांची छाटणी. बाळानं खोल्या बांधल्या, पण आठऐवजी तीन, आणि बागेच्या खाली. आता तो पाहुण्यांना मिठातल्या मातीची गोष्ट सांगतो. त्याच्या गोष्टीत माझा आवाज फार नाकातून येतो.

दोन वर्षांनी मोहर आला. त्या मेमध्ये वयनीकडून प्रयोगशाळेत दोन डझनांची पेटी आली. उघडली तर पेंढ्यात प्रत्येक झाडाचा एक एक आंबा, आणि ज्या झाडाला त्या वर्षी फळ नव्हतं त्याच्या जागी त्याचं एक पान. मधलं. वरच्या थरात एक जागा मात्र नुसती रिकामी, पेंढ्यात खळगा करून ठेवलेली. त्या खळग्याशेजारी कागदाच्या पुडीत चिमूटभर जाडं मीठ होतं.

मला वाटलं वयनी चेष्टा करतेय. मग कळलं, खळग्याची कल्पना बाईंची होती, मीठ वयनीनं आपल्या मनानं घातलं होतं. दरवर्षी ती पेटी तशीच येत राहिली. बाई पहिला आंबा स्वतः कापायच्या, सगळ्यांना वाटायच्या, आणि पेटी माझ्या टेबलावर ठेवून द्यायच्या, रिकामा खळगा माझ्या बाजूला येईल असा. मला राग यायचा. मग मीही त्या खळग्याकडे बघूनच अहवाल लिहायला लागले. एकही अहवाल पानाला विचारल्याशिवाय गेला नाही, कोणी कितीही मॅडम म्हणालं तरी.

बाई निवृत्त झाल्या आणि दोडामार्गला बहिणीच्या घरी राहायला गेल्या. जाताना त्यांनी मला छत्री दिली आणि लग्नाची तीनशे पाकिटं. मी आता तिथली प्रमुख आहे. माझ्या हाताखालची मुलगी मला मॅडम म्हणते, मी तिला तसं म्हणू देत नाही.

गेल्या मेमध्ये पेटी आली. मी नेहमीप्रमाणे आधी रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि ती जागा रिकामी नव्हती. तिथे एक आंबा होता. लहानसा, देठाशी थोडा वाकडा. खाली चिठ्ठी: 'तुझां कलम धरलां. एकच लागलो.' मिठाची पुडी त्या वर्षी नव्हती. मी तो आंबा हातात घेऊन भातगिरणीच्या जिन्यावर बसले आणि मला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि खालून गिरणी सुरू झाल्यानं ते दोन्ही कोणाला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तो घेऊन दोडामार्गला गेले. बाई ओट्यावर बसल्या होत्या. सत्तरी जवळ आली आहे, दिसतं कमी, पण माझ्या हातातली छत्री त्यांनी आधी ओळखली आणि मग मला. मी काही न सांगता आंबा त्यांच्या ओंजळीत ठेवला. त्यांनी त्याचा वास घेतला, बोटांनी देठ चाचपला आणि विचारलं, "चोविसावा?"

"चोविसावा."

बाईंनी बहिणीला सुरी आणायला सांगितली. दोन फोडी केल्या, एक स्वतः खाल्ली, डोळे मिटून, बराच वेळ. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. सात वर्षं मी त्या बोलण्याची वाट पाहत होते. पण त्यांनी दुसरी फोड माझ्या हातात दिली.

"माझ्या जिभेवर जाऊ नकोस. मी आता जून पान. माझ्याकडे नुसत्या आठवणी. तू खा आणि तू सांग, कसा आहे?"

मी खाल्ला. इतका गोड आंबा मी जन्मात खाल्ला नव्हता. बाई कान देऊन बसल्या होत्या, आणि माझ्या ओठांवर ते आलंच होतं.

"पानं तपासल्याशिवाय नाही सांगता येणार," मी म्हटलं.

बाई हसल्या. दात नसलेलं, मोठ्यानं, सगळा ओटा हलवणारं हसू. आतून बहीण काय झालं म्हणून धावत आली. बाईंनी तिला काही सांगितलं नाही. त्यांनी बाठा उचलला, आणि मला अर्धासुद्धा न विचारता स्वतःच चोखायला बसल्या.